मामांची मोटार

आमचे मामा शववाहिनी चालवायचे. रविवारी स्वतःच्या जुन्या मोटारीतून मामीला फिरवायचे, तेही त्याच चालीनं. सायकलवाले शेजारून विचारत, "मामा, ढकलू का?"

मामीच्या आजारापुढं डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा तिनं एकदा तळ्यावरचा सूर्यास्त पाहायचा हट्ट धरला. वाटेत ती म्हणाली, "अहो, मी अजून जिवंत आहे! जरा पळवा की!" मामांनी वेग वाढवून पाहिला. पण मागच्या मृतदेहाला धक्का लागू नये म्हणून जन्मभर अ‍ॅक्सिलरेटर जपून दाबणारा तो पाय, मामी कण्हली की आपोआप वर यायचा.

तळ्यावर पोचेपर्यंत काळोख पडला. मामा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले.

"असू द्या हो," मामी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "काळोखाची सवय झालेली बरी."