ओल कुठून येते

संक्रांतीचा तिळगूळ द्यायला मी दुसऱ्या मजल्यावर गेले, तर त्या मुलीने दार अर्धंच उघडलं. ही परभणीकडची मुलगी एका खासगी हॉस्पिटलात नर्स होती आणि आईला घेऊन आमच्या बिल्डिंगमध्ये भाड्याने राहत होती. एरवी जिन्यात भेटली की थांबून बोलायची. आज मात्र मला आत यायला सांगेना. तेवढ्यात तिच्या आईनेच आतून हाक मारली, "येऊ दे गं त्यांना. सणाचं दारातून परत पाठवतात का?"

आत हॉलमध्ये, जमिनीवर गॅसची शेगडी मांडलेली होती.

"इथे का स्वयंपाक?" मी विचारलं.

आई म्हणाली, "आत वरून पाणी पडतंय ना, बाई. परवा डाळीतच पडलं."

मी स्वयंपाकघरात डोकावले. एका कोपऱ्यात छताचं प्लास्टर सुटलं होतं आणि भिंत वरपासून ओट्यापर्यंत काळपट झाली होती. हात लावला तर गार आणि ओली. मला नवल वाटलं ते याचं, की पावसाळा संपून कितीतरी दिवस झाले होते. मग ही ओल आली कुठून?

मुलगी हळू आवाजात म्हणाली, "काकू, प्लीज कुणाला सांगू नका. ॲग्रीमेंट संपत आलंय. एजंट म्हणाला, तक्रार केली तर मालकीण घर खाली करायला लावेल. हे मिळायच्या आधी किती जणांनी आडनाव ऐकून नाही म्हटलंय, तुम्हाला कल्पना नाही."

मला खरंच नव्हती. इतकी वर्षं मी या गावात राहतेय, स्वतःच्या घरात. मला आडनाव विचारतात ते पत्रिकेवर घालायला.

मी सोसायटीच्या कमिटीत होते, पण घराच्या आतलं काम मालकाचं, हा आमच्याकडचा नियम. मालकीण तारोडीला राहते एवढंच मुलीला ठाऊक होतं. भाडं, चावी, बोलणं, सगळं एजंटमार्फत. कुणी पाहिलेलीच नसलेली ही बाई आहे तरी कशी, हे मला बघायचंच होतं. मुलीच्या सुट्टीच्या दिवशी तिला जवळजवळ ओढतच मी बसमध्ये बसवलं.

तारोडीत विचारत विचारत घर सापडलं. साठीची एक कोळीण अंगणात जाळं सोडवत बसली होती. मुलीने आपण कोण ते सांगितलं, तशी ती उठूनच उभी राहिली.

"तू ती नर्स? अगो, एजंट बोलला, तुमाला मालकीन आलेली आवडत न्हाय! म्हनून मी पाय ठेवला न्हाय तिकडं."

"मला तर म्हणाला, तुम्ही फार कडक आहात," मुलगी म्हणाली.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग म्हातारी इतकी हसली की मुलीलाही हसू आलं. मासळी-भात खाल्ल्याशिवाय तिने आम्हाला सोडलं नाही. होडी विकली तेव्हा नवऱ्याने आमच्या बिल्डिंगमधलं ते घर घेतलं होतं, आणि तो गेल्यावर तिला तिथे एकटीने जावंसं वाटलं नव्हतं, हेही तिने जेवतानाच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती प्लंबर घेऊन हजर. सगळ्यांचा संशय वरच्या बाथरूमवर. वरचे गृहस्थ दारातच म्हणाले, "हमारे यहाँ से नहीं है, लिखके देता हूँ." म्हातारी त्यांना बाजूला सारून आत गेली. प्लंबरने बाथरूमची मोरी बुजवली, पाणी भरलं आणि त्यात लाल रंग कालवला. आम्ही सगळे खाली येऊन, माना वर करून उभे राहिलो. वरचे गृहस्थही आले. चहा झाला, पुन्हा चहा झाला. लाल थेंब काही दिसेना.

"देखा?" गृहस्थ म्हणाले. पण आता त्यांनाही चैन पडेना. "फिर पानी आता कहाँ से है?"

मुलीची आई ओट्यापाशी आली. ती म्हणाली, "सकाळी जास्त असतं बघा. सगळ्यांच्या अंघोळीच्या वेळेला."

प्लंबरने पाइपांच्या डक्टच्या खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि ओरडला, "झाड आहे इथे!" आम्ही आळीपाळीने वाकून पाहिलं. सगळ्या मजल्यांचं सांडपाणी नेणाऱ्या पाइपच्या सांध्यात पिंपळ उगवला होता. पानं कोवळी, तजेलदार. मुळांनी मात्र सांधा उकलला होता आणि पाणी तिथून भिंतीत मुरत होतं.

बाहेरचा पाइप म्हणजे सोसायटीचा. म्हणजे आम्ही ज्या दुरुस्तीसाठी तारोडी गाठली, ती आमच्याच कमिटीची निघाली. मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणाले, "भाडेकरूंसाठी आत्ताच कशाला? मे महिन्यात बघू." मी पहिल्यांदाच आवाज चढवला. "पाइप सगळ्यांचा आहे आणि पाणीही सगळ्यांचंच आहे. फक्त जातंय त्यांच्या डाळीत." वरच्या गृहस्थांनी लगेच माझ्या बाजूने हात वर केला. आपल्यावरचा आळ गेला म्हणून असेल, किंवा झाड स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून असेल.

पाइप बदलला. भिंत वाळायला मात्र वेळ लागला. रोज जाऊन मी हात लावून बघायचे. प्लास्टर आणि रंग म्हातारीने करून दिला. नवं ॲग्रीमेंट तिने एजंटला वगळून, मुलीच्या शेजारी बसून केलं.

रंग झाल्यावर मुलीच्या आईने भीत भीत म्हातारीला फोन लावला. "मावशी, हॉलमध्ये एक खिळा ठोकू का? बुद्धाची तसबीर लावायची होती. आल्यापासून पेटीतच आहे."

स्पीकरवरून म्हातारीचा आवाज आला, "घरात खिळा न्हाय ठोकायचा तर कुठं ठोकायचा, बाय? दोन ठोक."

मी स्टूल धरलं आणि मुलगी हातोडी घेऊन वर चढली.