अक्काची हौसा

हसनाबादच्या पुढं म्हाताऱ्या हत्तींसाठी एक छोटासा आसरा आहे, हे जालन्यातही फार जणांना ठाऊक नाही. मलाही नसतं, पण माझी थोरली बहीण तिथं जाऊन राहिली. जाताना म्हणाली होती, "सैपाकाला बाई पाहिजे म्हनतेत. महिनाभर राहून येते." मग दिवाळी गेली, संक्रांत गेली, अक्का काही परतली नाही. फोन केला की हौसाबद्दल बोलायची. हौसा म्हणजे तिथली हत्तीण. तिनं आज काय खाल्लं, तिच्या पायाची जखम कशी आहे, ती दुपारी किती वेळ चिखलात उभी राहिली. माझ्या घरचं मलाच आपणहून सांगावं लागे.

आई गेली तेव्हा मी लहान होते. माझ्या वेण्या अक्कानं घातल्या, मला शाळेत तिनं सोडलं. भाऊजी वारल्यावर मी जालन्यात मस्तगडच्या आमच्या घरातली वरची खोली तिच्यासाठी रंगवून घेतली. ती खोली रिकामी, आणि अक्का एका हत्तिणीजवळ. फेब्रुवारीत मी ठरवलं, आता जायचं आणि तिला घेऊनच यायचं.

तुम्हाला जायचं असेल तर जालन्याहून राजूरला एसटी मिळते. चतुर्थीला गणपतीची गर्दी असते, एरवी बसायला जागा मिळते. पुढं हसनाबादच्या बाजूला काळी-पिवळी जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, तेवढ्यात स्टँडवर भजी आणि चहा उरकून घ्यावा. दोन्ही बाजूंना काढणीला आलेला हरभरा, मधूनच मोसंबीच्या बागा. शेवटचा रस्ता कच्चा आहे, पण दुचाकी सहज जाते. आधी फोन करून विचारल्याशिवाय मात्र जाऊ नका. पाहायला, राहायला पैसे घेत नाहीत, केळी नेली तर आनंदानं घेतात. गूळ नेऊ नका. हत्तीचं वजन वाढलं की दुखऱ्या पायांवर भार येतो.

मी फाटकातून आत शिरले. अक्कानं मला पाहिलं, हात हलवला आणि जागची उठली नाही. लोखंडी गजांच्या अलीकडं ती पाटावर बसली होती. पलीकडं हौसा, आणि गजांखालून पुढं केलेला तिचा एक पाय औषधाच्या कोमट पाण्यात.

"थांब जरा," अक्का म्हणाली, "आता उठले तर ही पाय काढून घेती, पुन्यांदा ठेवत न्हाई."

मी पिशवी हातात धरून उभी राहिले. इतक्या महिन्यांनी भेटलेल्या बहिणीपेक्षा पायाचं पाणी महत्त्वाचं होतं.

हौसा आधी सर्कशीत होती, नंतर कुणीतरी तिला गावोगाव फिरवून पैसे मागायचं. डांबरी रस्त्यांवर चालून तळपाय फाटले. उजव्या डोळ्यानं दिसत नाही. दाढा झिजल्यामुळं ऊस, कडबा चावता येत नाही, म्हणून भात आणि दलिया शिजवून त्याचे मोठे मोठे लाडू करतात. तिला आडवं झालं की उठता येत नाही, त्यामुळं झोपताना टेकायला वाळूचा उंच ढीग केलाय. हे सगळं मला माहूत रशीदभाईंनी सांगितलं. मी ऐकत होते, पण कान अक्काकडं होते. ती लाडू पुढं करत म्हणत होती, "घे माझी बाय, एवढा घास घे." तापात मला पेज पाजताना ती हेच म्हणायची. मला वाटायचं, ते बोलणं फक्त माझं आहे.

संध्याकाळी जेवण उत्तम होतं, गरम ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, लसणाचा ठेचा. मला नीट जेवण गेलं नाही. थंडी होती, म्हणून अक्कानं स्वतःची गोधडी मला दिली.

दुसऱ्या दिवशी मी हट्टानं तिला राजूरला नेलं. दर्शन झालं, बांगड्या घेतल्या, एका खानावळीत जेवायला बसलो. पहिला घास घेतला तोच रशीदभाईंचा फोन आला. हौसा खात नव्हती.

"चल, जल्दी," अक्का उठली. ताट तसंच राहिलं.

परतीच्या जीपमध्ये मी बोलले. "अक्का, मी तुला न्यायला आले."

"मला म्हाईत हाय. म्हनून तर तुझ्यासंगं राजूरला आल्ते."

"आमच्याकडं काय कमी आहे?"

"काहीच न्हाई. भांड्याला बाई, पोळ्याला बाई. मंग मी वर बसून काय करू? हिथं सकाळी कुनीतरी माझी वाट बघून राह्यलंय."

"मी बघते की वाट."

"तू रविवारी बघशील, बेबी."

ती हे रागानं बोलली नाही. आम्ही पोचलो तेव्हा हौसा गजांशी उभी होती. अक्काचा आवाज ऐकताच तिनं सोंड पुढं केली आणि सगळे लाडू खाल्ले. मला ती हत्तीण मनापासून नकोशी झाली.

रशीदभाई मला बाजी, म्हणजे ताई, म्हणायचे. निघायच्या सकाळी ते म्हणाले, "बाजी, आज तुम्ही खिलवून बघा. डाव्या अंगानं या, बोलत बोलत या."

मी डाव्या बाजूनं पुढं गेले. म्हणाले, "हौसा, मी बेबी. अक्काची बहीण." तिनं सोंड माझ्या खांद्यावरून, केसांवरून फिरवली. गरम, ओलसर श्वास मानेला लागला. मग अलगद माझ्या हातातला लाडू उचलला. दुसराही. तिसऱ्यासाठी ती स्वतःच एक पाऊल पुढं आली.

"हात मागं घे," अक्का म्हणाली. मी घेतला.

"घास बारीक कर. तिला त्रास होतो." मी केला.

"पुरं आता. दे हिकडं. तुला उशीर होईल."

गाडीला अजून भरपूर वेळ होता. रशीदभाई टॉवेलनं तोंड पुसत हसले. "अक्का, बाजी तुमची गोधडी ओढून झोपल्या ना. तुमचाच बास येतो त्यांच्या अंगाला. बराबर ओळखलं तिनं."

"वास-बीस काही न्हाई. भूक लागली आसंल," म्हणत अक्कानं माझ्या हातातून पातेलं जवळजवळ हिसकावून घेतलं. तिचा चेहरा उतरला होता. दोन दिवस माझाही तसाच दिसत असणार. मला हसू आलं, आणि लबाड समाधानही वाटलं.

ती माझ्यासोबत आली नाही. फाटकापर्यंत पोचवायला मात्र आली, माझा हात बराच वेळ धरून उभी राहिली. मागून हौसानं आवाज दिला तरी लगेच वळली नाही.

आता घरी येऊन आठवडा झालाय. हेवा गेला म्हणाले तर खोटं होईल. सकाळी चहा घेताना वाटतं, आता ती भात कालवत असेल. काल अक्काचा फोन आला. "हौसा बराबर खाती," ती म्हणाली. "तुझी आठवन-बिठवन काही काढली न्हाई तिनं."

मी विचारलंही नव्हतं. म्हणाले, पुढच्या महिन्यात येते.

"ये," अक्का म्हणाली. "पन खायला मीच घालनार."