बोगद्यातला काळोख

डोंगरातल्या एका जलविद्युत प्रकल्पाचा बोगदा काम चालू असतानाच कोसळला होता. दोष खडकाचा की कंत्राटदाराचा, हा वाद आंतरराष्ट्रीय लवादापुढे होता. मी कंत्राटदाराची वकील, आणि माझ्या विरुद्ध उभे असायचे प्रकल्पाच्या मालकांचे वकील कर्णिक. लवादाच्या परदेशी सदस्यांना जागा दाखवायला आम्ही सगळे आत गेलो आणि अचानक दिवे गेले.

डोळे उघडे आहेत की मिटलेले, तेच कळेना. वर कुठेतरी एक दगड सुटला आणि घरंगळत खाली आला. कुणीतरी माझं मनगट घट्ट धरलं.

"मी कर्णिक. सोडू नका हं."

आवाज कापत होता. सुनावणीत आम्ही इंग्रजीत भांडायचो. त्यांचं मराठी मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"नाही सोडत," मी म्हणाले.

"कोसळला तेव्हा आत माणसं होती का हो?"

मला ठाऊक नव्हतं. खडकाचे प्रकार, कामाला झालेला उशीर, सगळं मला पाठ होतं. पण इथेच कुणी असंच अंधारात दुसऱ्याचं मनगट शोधलं असेल, हे आमच्या वादात कुठे आलंच नव्हतं.

दिवे आले. कर्णिकांनी हात सोडला नाही. प्रकल्पाच्या इंजिनिअरला मीच तो प्रश्न विचारला.

"होती, मॅडम. सगळी वाचली. पण त्यातलं कुणी परत आत आलं नाही."

आम्ही बाहेर निघालो. मी चालायचं ठरवलं होतं. पाय मात्र पळत होते.