दोराचं खालचं टोक

इथिओपियाच्या डोंगराळ मुलखात एका उभ्या कड्यावर जुना मठ आहे. वर जायला पायऱ्या नाहीत. चामड्याचा दोर धरून चढायचं. बायकांना वर मज्जाव, म्हणून आमची ही खाली सावलीत निवांत बसली होती आणि माझ्या कमरेला दुसरा दोर बांधला जात होता. हा दोर वर बसलेला साधू ओढून धरतो. साधूने डोकावून माझं पोट पाहिलं आणि मागे वळून आणखी एका साधूला हाक मारली.

"बघा, केवढा तुमचा मान," ही म्हणाली.

मला हसू आलं नाही. पाय जमिनीवरून सुटले. दोर धरणारे हात कड्याआड होते. घरी सगळे माझ्या भरवशावर निर्धास्त झोपतात. माझे हात किती वेळा थरथरले, हे त्यांना मी कुठे कळू दिलंय? वरचे हातही तसेच असतील, या विचाराने माझी पुरती गाळण उडाली.

"अहो, खाली बघू नका." आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

मी बघितलंच. ती उठून कड्यापाशी आली होती आणि चढायच्या दोराचं लोंबणारं टोक तिने दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. त्याचा उपयोग काहीच नव्हता. पण तेवढ्यावर मी पुढचा हात टाकला.