सूर्यफुलांवरचं जाळं

तोंडवलीत जाळं समुद्रात टाकतात. आमच्या शेजारची काकी ते सूर्यफुलांवर टाकायची. नवरा गेल्यावर होडी विकली गेली, जाळं तेवढं उरलं. ते तिनं पोपटांपासून दाणे राखायला काढलं. झाडांना ती मासळी धुतलेलं पाणी घालायची आणि त्यांच्याशी बोलायची, माणसांशी बोलायची त्याहून गोड.

मी लग्न होऊन आले ती नव्व्याण्णव साली. नव्या गावात मला पहिला जीव लावला तो तिनंच. दुपारी तिच्या घरापुढच्या खळ्यात बसून मी सासूबाईंच्या कागाळ्यांपासून सगळं बोलायचे. दिवाळी झाली की ती स्वतः बियांची पुडी माझ्या हातात ठेवायची. मी वाफा करायचे, रोज उकरून बघायचे. एक कोंब येईल तर शपथ.

"तुझो हात जड गो," ती मायेनं म्हणायची. "बी रुजूक हात हलको होयो."

हे सासूबाईंच्या कानावर गेलं आणि त्यांनी लाल भाजीचं बीसुद्धा माझ्या हातून काढून घेतलं. तरी दरवर्षी मी कोपऱ्यात चोरून काकीच्या बिया टोचायचे.

एकदा माझा नवरा समुद्रावरून आला, ओट्यावरच्या पुडीतल्या चिमूटभर बिया त्यानं तोंडात टाकल्या. "ह्यो भाजलेल्यो आसत गो," म्हणाला, आणि आणखी मागितल्या. मी एक चावून बघितली. चांगली खमंग होती.

पुडी घेऊन तशीच तिच्याकडे गेले. तिनं नाकारलं नाही. पाणी घालता घालता म्हणाली, "तुझी रुजली असती, तर तू माझ्याकडे कित्याक इलं असतंस?"

रागानं मला रडूच आलं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते. जिच्यापाशी मन मोकळं केलं, तिनंच तव्यावर बिया परतून मला अपेशी ठरवलं होतं.

मालवणच्या बाजारातून बी आणून पेरलं. सगळं रुजलं. सासूबाईंना हाताला धरून दाखवलं. काकीकडे जाणं मात्र बंद केलं. म्हणजे तिचंच खरं झालं, याचाही मला राग येतो.

दाणे भरले तसे पोपट आले. एका सकाळी बघते तर माझ्या फुलांवर तिचं जाळं, कडेला दगड बांधून नीट पसरलेलं. दोन परड्यांमधल्या दगडी गडग्यापलीकडे तिची फुलं उघडी, पोपटांनी भरलेली. ती पायरीवर बसली होती आणि त्यांना हाकलत नव्हती. मी जाळं काढलं नाही, पण तिला हाकही मारली नाही.

पावसाआधी मुलानं तिला मुंबईला नेलं. तिथंच ती गेली.

सूर्यफुलं मी अजून लावते. जाळं विरलंय, पण तेच टाकते. टाकताना तिला शिव्या घालते, मोठ्यानं, गडग्यापलीकडे ऐकू जातील अशा.