मार्थाबाईंची ठणठणीत तब्येत

मार्थाबाईंना कधी शिंकसुद्धा येत नसे, आणि ही गोष्ट त्या नव्या माणसाला भाकरीच्या आधी वाढत. "इतकी वर्सं चुलीपुढं बसलेय. हाय का काय मला?" असे म्हणून दंड थोपटून दाखवत.

लढाईच्या दिवसांत नगरच्या वेशीबाहेर ख्रिस्ती मंडळींनी चालवलेले बेघरांचे एक आसरागृह होते. दुष्काळाने नाहीतर घरच्यांनीच बाहेर काढलेली माणसे तिथे येत. मार्थाबाई तिथल्या स्वयंपाकीण. मी राखण करून तिथेच जेवत असे आणि शिकत असे. आमच्या घराण्यात अक्षर ओळखणारा मी पहिलाच. हातात पुस्तक दिसले म्हणून त्या मला 'मास्तर' म्हणत, आणि मी उगीच ताठ चालत असे.

त्यांच्या ताक-कण्यांची चव अजून जिभेवर आहे. कण्या निवल्या की त्यात ताक ओतून त्या कोपरापर्यंत हात घालून कालवत. "पळीला काय चव कळती?"

नवा आलेला माणूस काही दिवसांनी मुदतीच्या तापाने, म्हणजे टायफॉइडने, पडे. जुन्यांना काही होत नसे. मार्थाबाईंचे निदान तयार होते. "माज्या हाताची सवय हुईस्तवर पडायचेच." ते निम्मे खरे होते, हे आम्हाला फार उशिरा कळले.

मीही पडलो. "बुकं वाचून डोकं तापलंय तुजं," म्हणत त्यांनी मला चमच्याचमच्याने पेज भरवली. मी वाचलो. माझ्यामागून आलेला गणू हमाल मात्र गेला. त्याच्या उशाशीही त्याच बसल्या होत्या.

मग सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले. विहिरीचे पाणी चांगले निघाले. तेव्हा त्यांनी शौच तपासायला प्रत्येकाला एकेक डबी दिली. मार्थाबाईंनी आपली डबी राखेने घासून लखलखीत करून परत केली. "आजारी मान्सांचं बगा, सायेब. माजं कशाला?" डॉक्टरांनी दुसरी डबी दिली आणि बऱ्याच विनवण्या केल्या.

दोष नेमका मार्थाबाईंच्या डबीत निघाला.

"बाई, पूर्वी कधी असा ताप आला होता?"

"पोरपनी आलता. तवाच गेला की."

"ताप गेला, जंतू पोटात राहिले. तुम्हाला त्रास नाही, पण तुमच्या हातून ते दुसऱ्याच्या अन्नात जातात."

त्या हसल्या. "मी धडधाकट, आन् रोग माजा?" मग हसू हळूहळू मावळले. "म्हंजे गणू?"

त्या उठल्या, चुलीतली लाकडे बाहेर ओढली आणि त्यांवर पाणी मारले. "मास्तर, दुसरी बाई बग."

लष्करी छावणीतल्या एका बंगल्यात त्यांना स्वयंपाकाचे काम चालून आले होते. तिथे कोणाला काही ठाऊक नव्हते. त्या गेल्या नाहीत. बेलापूरला भावाच्या मळ्यात वेगळे खोपट घालून राहिल्या.

बी. ए. झाल्यावर मी पेढे घेऊन गेलो. तब्येत तशीच ठणठणीत होती. पुड्याला त्यांनी हात लावला नाही. "तूच काढून दे," म्हणाल्या. पेढा खाऊन झाल्यावर चुलीवरच्या लहानशा पातेल्याकडे बघत राहिल्या.

"येकटीपुरतं करायला जमंना रं, मास्तर. एवढुशात मीठ किती टाकायचं, तेच उमगत न्हाई."