अक्कांचा वॉर्ड

साऱ्या खानदेशात आमच्या घरमालकीणबाईंइतकी कडक बाई झाली नाही आणि त्यांच्याइतकी हळवी बाईही झाली नाही. पंचाईत एवढीच, की कडकपणा सगळा आम्हा भाडेकरूंच्या वाट्याला आला आणि हळवेपणा सगळा गिनीपिगांच्या. मी तेव्हा धुळ्याला, देवपुरातल्या एका शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो आणि त्यांच्या माडीवरच्या खोलीत राहत होतो. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची. पस्तीस वर्षं त्यांनी दवाखान्याच्या बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स म्हणून काढली होती. स्वतः लग्न केलं नव्हतं, पण अर्ध्या देवपुराला जन्मताना पाहिलं होतं, त्यामुळे त्यांच्यापुढे कुणाचीच मिजास चालत नसे. एकदा एक फौजदार मोटारसायकल त्यांच्या दारात लावून हुज्जत घालू लागला. अक्का शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या आईचं बाळंतपण मी केलं. तेव्हाही असाच आडवा येत होतास." फौजदाराने मुकाट्याने गाडी ढकलत पलीकडे नेली.

हे गिनीपिगांचं प्रकरण त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी सुरू झालं. शाल, नारळ आणि भाषणं आटोपून त्या मागच्या दाराने निघाल्या, तर एक शिपाई लाकडी खोकं घेऊन चाललेला. प्रयोगशाळेत पूर्वी तपासण्यांसाठी गिनीपिग पाळायचे, त्यांची आता गरज उरली नव्हती. "कुठे नेतोस?" "पांझरेच्या काठी सोडतो, अक्का." अक्कांनी खोक्यात वाकून पाहिलं. सशाहून लहान, उंदराहून मोठे, शेपटीचा पत्ता नाही, असे सात जीव एकमेकांच्या अंगाखाली तोंडं खुपसून बसले होते आणि त्यांतल्या तिघींना दिवस गेले होते. ते नुसत्या नजरेने ओळखायला अक्कांना एक क्षण लागला. नदीकाठची कुत्री त्यांना ठाऊक होती. त्यांनी सत्काराची शाल खोक्यावर पांघरली आणि रिक्षात बसल्या. पुढे कुणी विचारलंच, तर सांगायच्या, "निवृत्त झाले ते दुपारी चारला. साडेचारला परत कामावर."

खालची मोठी खोली 'वॉर्ड' झाली. मधोमध फळ्या ठोकून एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला स्त्रिया. आधीच्या बाळंतिणी सुटल्यावर पुन्हा बाळंतपण नको, असा सक्त नियम. भेटीची वेळ चार ते सहा. पिलं जन्मली तेव्हा मला माडीवरून हाका मारून बोलावलं. "बघा मास्तर! डोळे उघडे, अंगभर केस, तोंडात दात. उद्या घास खायला लागतील. माणसांची पोरं अशी निघाली असती, तर मला पस्तीस वर्षं झोप मिळाली असती!" या प्राण्यांना माणसासारखंच बाहेरून क जीवनसत्त्व लागतं, हे त्यांना दवाखान्यातच कळलेलं. तेवढ्यावरून त्या त्यांना नात्यातलेच समजत. त्यांच्यासाठी पेरू, आवळे, कोथिंबिरीच्या काड्या, लसूणघास. मंडईतले भाजीवाले चाचा कोबीची वरची पानं त्यांच्यासाठी पोत्यात भरून ठेवत आणि सकाळी सकाळी हे पोतं सायकलला लावून अक्का पुलावरून येताना दिसत.

गिनीपिगांचे कान फार तिखट. पिशवी वाजली की वॉर्डभर शिट्ट्या सुरू होत, वीस-पंचवीस कुकर एकदम लागल्यासारख्या. मी भाजी घेऊन कितीही दबकत जिना चढलो, तरी खालून शिट्ट्या आणि पाठोपाठ अक्का: "मास्तर, हातमा काय शे?" एरवी त्या आमच्याशी पुस्तकी बोलत, अहिराणीवर आल्या, की मेथीची अर्धी जुडी गेली असं समजावं. मी चार वर्षांत एकही काकडी सबंध खाल्ली नाही.

नावं सगळी दवाखान्यातली. मोठे डॉक्टर, छोटे डॉक्टर, ड्रेसर, आणि सर्वांच्या ताटात तोंड घालणारी जाडजूड पांढरी मेट्रन. एक दिवस खऱ्या मेट्रनबाई, त्याही निवृत्त झालेल्या, चहाला आल्या. त्यांनी शेवेच्या बशीत हात घातला, नेमक्या त्याच वेळी अक्का वॉर्डाकडे बघून ओरडल्या, "मेट्रन, पुरे! किती खातेस, पोट बघ स्वतःचं!" बाईंचा हात बशीतच राहिला. मी जिन्यावर होतो. मला माझ्या खोलीत काही अत्यंत तातडीचं काम आठवलं.

हळूहळू लोकांना पत्ता कळला. पोरांच्या हट्टापायी आणलेले आणि महिन्याभरात नकोसे झालेले गिनीपिग करंडीतून, बुटांच्या खोक्यातून येऊ लागले. पिंपळनेरहून तर कुणी तेलाच्या डब्याला भोकं पाडून एक जोडी धाडली. अक्का कुणालाच नाही म्हणत नसत, पण आणणाऱ्याला सोडतही नसत. व्हरांड्यात बसवून रीतसर केसपेपर करत. दीपनगरच्या वसाहतीतून एक साहेब, काळ्या-तांबड्या मादीला घेऊन आले.

"तक्रार काय?"

"फार ओरडते हो."

"ही तुमची तक्रार झाली. तिची काय?"

साहेब गडबडले. अक्का चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "घरात तुम्ही कधी ओरडत नाही? तुम्हाला कुणी आणून सोडलं का माझ्याकडे?" आणि केसपेपरवर लिहिलं: तक्रार – एकटेपणा.

या सगळ्याला गल्लीत एकच विरोधक होता, समोरचे आबा. आयुष्यभर कचेरीत कारकुनी केलेले आबा निवृत्तीनंतर छंद म्हणून अर्ज लिहीत. 'विलायती उंदरांचा उपद्रव' या विषयावर त्यांनी नगरपालिकेला इतके अर्ज केले, की अखेर एका मे महिन्यात अक्कांच्या हाती कागद आला: प्राणी पंधरा दिवसांत हलवावेत. त्या वेळी वॉर्डात चौतीस जीव होते. अक्कांनी कागद दोनदा वाचला आणि घडी करून चोळीत ठेवला. फौजदाराला गप्प करणारी बाई, पण एवढे जीव हलवायचे कुठे?

त्याच आठवड्यात गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळाला. धुळ्याचा मे ज्यांनी सोसलाय, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. घरात एकच वाळ्याचा कूलर होता आणि अर्थातच तो वॉर्डात होता. तो बंद पडला. अक्कांनी ओली गोणपाटं टांगली, मी सायकलवर बर्फ आणायला धावलो. परत आलो तर मेट्रन आडवी पडून धापा टाकत होती, दीपनगरवालीची मान लुळी पडलेली, आणि एवढ्या मोठ्या खोलीत एकही शिट्टी नव्हती. ती शांतता मला अजून आठवते. अक्का फरशीवर बसून एकेकाच्या कानांना ओलं फडकं लावत होत्या. हात सराईत चालत होते. "मास्तर, छोटे डॉक्टर गेले," एवढंच म्हणाल्या.

तेवढ्यात दारात छत्री उघडी धरून आबा उभे राहिले. मला वाटलं, आता हे काय बोलणार! आबांनी आत पाहिलं, घसा साफ केला. "आज आवाज येईना, म्हणून उनू," ते म्हणाले. मग छत्रीनेच आपल्या घराकडे दाखवत: "अक्का, मन्ही मागली खोली धाबानी शे. थंडगार शे. तठे लई चाला बठ्ठास्ले."

आबा सगळ्यांना आपल्याकडे न्यायला सांगत होते! त्यांच्या मागच्या खोलीवर अजून जुनं धाबं, म्हणजे मातीचं जाड छत होतं. भर दुपारी आत गेलं तर माठात शिरल्यासारखं वाटे. मग त्या रणरणत्या उन्हात गल्लीने जे पाहिलं, ते पुन्हा होणे नाही. सुपांत, घमेल्यांत, बादल्यांत, माझ्या शाळेच्या पिशवीत गिनीपिग. वर ओल्या साड्या. दारादारातून बायका निघाल्या, कुणी माठातलं पाणी आणलं, कुणी पंखे. आबा छत्री धरून नुसते इकडून तिकडे करत होते, मेट्रनच्या घमेल्यावर सावली पडावी म्हणून स्वतः उन्हात. संध्याकाळपर्यंत आणखी दोघे दगावले, पण एकतीस वाचले. आणि एकतिसाचे चौतीस झाले, कारण दीपनगरवालीने पहाटे आबांच्या ज्वारीच्या कणगीमागे तीन पिलं दिली. येतानाच ती पोटुशी होती.

आबा ती पिलं पाहत उकिडवे बसले. "आताच जन्मली? आणि चालतायत?"

"चालतायत काय, उद्या अर्ज लिहितील," अक्का म्हणाल्या. दोन दिवसांनी प्रथमच हसल्या त्या.

वीज आली तरी आबांनी आठवडाभर कुणाला हलवू दिलं नाही. मग आपल्या सुंदर अक्षरात त्यांनी आयुष्यातला सर्वांत छोटा अर्ज लिहिला: 'सदर प्राण्यांविषयी माझी कोणतीही तक्रार नाही. तीन प्राणी माझे आहेत.'

पुढे माझी बदली जळगावला झाली. अक्कांची पत्रं येत, त्यांत स्वतःविषयी एक ओळ आणि बाकी वॉर्डाची खबर. गिनीपिग पाच-सहा वर्षं जगतात. नवे जन्मत नव्हते आणि आणून सोडणारेही कमी झाले, तशी पत्रं आखूड होत गेली. पुष्कळ वर्षांनी धुळ्याला गेलो, तेव्हा आबा नव्हते. अक्का ऐंशीच्या घरात, पाठीत वाकलेल्या. फळ्यांच्या पलीकडे एकच म्हातारी गिनीपिग ऊन खात पडली होती.

आम्ही चहा घेत होतो, तर फाटकाशी एक तरुण गृहस्थ करंडी घेऊन आला. आत पांढऱ्या-भुऱ्या रंगाचं एक पिल्लू.

"नाही ठेवून घेता येणार," अक्का म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. "हा माझ्यापेक्षा जास्त जगेल. मग त्याचं कोण करणार? तुम्हीच सांभाळा, अवघड नाही."

आणि त्यांनी त्याला सारं समजावून सांगितलं. पेरू किती, लसूणघास कसा वाळवायचा, उन्हाळ्यात गोणपाट कुठे टांगायचं, एकटं का ठेवू नये. गृहस्थ शहाणा होता, घाई न करता ऐकत राहिला. अर्धा तास तरी ते चाललं असेल. बोलत होत्या तेवढा वेळ अक्कांचा हात करंडीतच होता.